ग्वाटेमालाची 2023ची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य अमेरिकेतल्या निवडणुकांविषयी मराठीत फारसं लिहिलं जात नाही. जे येतं ते बहुतेक वृत्तसंस्थेच्या चार ओळींचं असतं. 2023 साली ग्वाटेमालात जे घडलं ते चार ओळींत मावणारं नव्हतं. तिथे मतदान दोन दिवसांत आटोपलं, पण जिंकलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत पोचायला पाच महिने झगडावं लागलं. या काळात मित्रांनी, वाचकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत.

हा देश नेमका कुठे आणि केवढा?

मेक्सिकोच्या दक्षिणेला लागून. क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 9 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण तिसरा हिस्सा. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. स्पॅनिश ही राज्यकारभाराची भाषा, पण तिच्या जोडीला 22 माया भाषा, शिवाय शिंका आणि गारिफुना. श्रीखंडात आपण जो वेलदोडा घालतो, त्याच्या निर्यातीत जगात पहिला नंबर याच देशाचा. तो आल्ता वेरापासच्या पावसाळी डोंगरात पिकतो.

ही नावं उच्चारायची कशी?

स्पॅनिशमध्ये दोन एल जोडून आले की उच्चार 'य'कडे झुकतो. म्हणून अध्यक्षपद जिंकलेल्या पक्षाचं नाव 'सेमिला' नाही, 'सेमिया'. अर्थ 'बीज'. अध्यक्ष झाले ते बर्नार्दो आरेवालो. बाकीची नावं जशी येतील तशी वाचा, चुकलात तरी ग्वाटेमालाचं कुणी रागावणार नाही.

निवडणूक कोणकोणत्या पदांसाठी असते?

सगळ्याच. दर चार वर्षांनी एकाच रविवारी अध्यक्ष-उपाध्यक्षांची जोडी, संसदेचे 160 सदस्य, 340 नगरपालिकांचे महापौर आणि त्यांची मंडळं, आणि मध्य अमेरिकन संसदेचे 20 प्रतिनिधी निवडले जातात. मतदाराच्या हातात पाच रंगांच्या पाच मतपत्रिका पडतात. अध्यक्षाची पांढरी, राष्ट्रीय यादीची हिरवी, जिल्ह्याच्या खासदारांची निळसर, नगरपालिकेची गुलाबी आणि मध्य अमेरिकन संसदेची पिवळी. तिथे लोकसभा, विधानसभा अशी दोन सभागृहांची भानगड नाही, संसद एकच. तिच्या 160 जागांपैकी 128 जिल्हावार आणि 32 राष्ट्रीय यादीतून, दोन्हीकडे मतांच्या प्रमाणात जागांचं वाटप.

मतदानाच्या आधी शनिवारी दुपारपासून दारूबंदी लागू होते, ती थेट सोमवारी पहाटेपर्यंत. तिथे तिला 'कोरडा कायदा' म्हणतात. आपल्या ड्राय डेची ही सख्खी चुलत बहीण.

अध्यक्ष कसा ठरतो?

वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर पहिल्याच फेरीत. नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. 1985च्या राज्यघटनेनंतरच्या प्रत्येक निवडणुकीला दुसरी फेरी लागली आहे, एकालाही अपवाद नाही. अध्यक्षपद आयुष्यात एकदाच, चार वर्षांसाठी. पुन्हा उभं राहण्याची सोयच नाही.

याचा एक मजेशीर परिणाम म्हणजे तिथले पक्ष पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात. अध्यक्षाला पुन्हा निवडून यायचं नसतं, त्यामुळे त्याच्या पक्षाला चार वर्षांनी जगायचं कारण उरत नाही. 1985पासून सत्तेतल्या पक्षाने लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्षपद जिंकलं, असं एकदाही झालेलं नाही. उलट 1999 ते 2011 या काळात लागोपाठ चार वेळा असं झालं, की आदल्या खेपेला दुसऱ्या फेरीत हरलेला उमेदवार पुढच्या खेपेला जिंकला. पोर्तियो, बेर्गर, कोलोम, पेरेस मोलिना, या क्रमाने. लोक म्हणायला लागले होते, आता हरलात म्हणजे पुढची तुमचीच. 2015 साली ही परंपरा तुटली, आणि तिचा फटका सगळ्यात जास्त सांद्रा तोरेस यांना बसला. त्यांच्याविषयी पुढे येईल.

पहिल्या फेरीत 'कुणीच नाही' जिंकलं, हे खरं का?

आकड्यांनी पाहिलं तर खरं. 25 जून 2023ला झालेल्या एकूण मतांपैकी सुमारे 17 टक्के मतपत्रिका लोकांनी मुद्दाम बाद केल्या. त्या मताला तिथे 'नुलो' म्हणतात. आणखी सुमारे 7 टक्के कोऱ्याच टाकल्या. पहिल्या आलेल्या सांद्रा तोरेस यांना एकूण मतांच्या सुमारे 16 टक्के मिळाली, दुसऱ्या आलेल्या आरेवालो यांना 12 टक्क्यांच्या जरा आत. अध्यक्षपदासाठी 22 जोड्या रिंगणात होत्या आणि तरीही सर्वाधिक मतं बाद मतपत्रिकांना पडली.

आपल्या 'नोटा'शी याची तुलना होते, पण अर्धीच. आपल्याकडे 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटाचं बटण आलं, पण विधानसभेत वा लोकसभेत नोटा पहिली आली तरी निकालावर परिणाम शून्य. 2019च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होती, तेव्हा त्यावर बऱ्याच गप्पा झाल्या, एवढंच. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र 2018मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी नोटाला काल्पनिक उमेदवार मानून ती पहिली आल्यास फेरनिवडणूक, असा आदेश काढला. ग्वाटेमालाचा नियम या आदेशाच्या जवळचा आहे. तिथे 2016च्या सुधारणेनुसार 'नुलो' निम्म्याच्या वर गेली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. 2023मध्ये तेवढी गेली नाही, पण संताप मात्र सगळ्यांना मोजून दिसला.

एवढा संताप कशाचा?

मतदानाआधीच उमेदवार छाटले गेले याचा, हे पहिलं कारण.

तेल्मा काब्रेरा या माम माया समाजातल्या शेतकरी नेत्या. 2019मध्ये त्या चौथ्या आल्या होत्या. 2023मध्ये त्यांचा अर्ज नोंदवलाच गेला नाही, कारण त्यांच्या जोडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, माजी मानवाधिकार लोकपाल जोर्दान रोदास यांच्या ना-देय प्रमाणपत्रावर आक्षेप निघाला. एका कागदामुळे अख्खी जोडी बाद. माजी अध्यक्षांचे पुत्र रोबेर्तो आर्सू यांना मुदतीआधी प्रचार केल्याच्या कारणाने बाद केलं. कार्लोस पिनेदा नावाचे व्यावसायिक टिकटॉकच्या जोरावर चाचण्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले आणि मे महिन्यात, मतदानाला महिना उरला असताना, त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनातल्या त्रुटींवरून न्यायालयाने त्यांनाही बाहेर काढलं.

याच वेळी सुरी रिओस यांना उभं राहू दिलं गेलं. त्या 1982-83मध्ये लष्करी सत्ता चालवलेल्या एफ्राइन रिओस मोंत यांच्या कन्या. उठाव करून सत्तेत आलेल्यांच्या जवळच्या नातलगांना अध्यक्षपदासाठी उभं राहता येत नाही, असं घटनेच्या 186व्या कलमात आहे. 2019मध्ये घटना न्यायालयाने याच कलमाने त्यांना अडवलं होतं. 2023मध्ये तेच कलम जागेवर होतं, पण अडथळा नाहीसा झाला. त्या काही जिंकल्या नाहीत, बऱ्याच मागे राहिल्या. पण नियम माणूस पाहून लागतो, हे लोकांनी पाहिलं.

मतदारयाद्यांतले घोळ वेगळेच. राजधानीजवळच्या सान होसे देल गोल्फो या गावात बाहेरून बसने मतदार आणल्याच्या आरोपावरून असा गोंधळ उडाला की 25 जूनला तिथलं मतदानच थांबवावं लागलं.

मग आरेवालो कसे वाचले? त्यांना कुणी का बाद केलं नाही?

कुणी त्यांना गंभीरपणे घेतलंच नाही म्हणून. शेवटच्या मोठ्या चाचणीत ते आठवे होते, तीन टक्क्यांच्या आसपास. आठव्या माणसावर कोण दावा ठोकणार? बाद करण्याची कात्री नेमकी पुढे असलेल्यांवर चालत होती, आणि ती जितकी चालली तितका मागे असलेल्या माणसाचा रस्ता मोकळा होत गेला. या निवडणुकीतला मला सगळ्यात आवडणारा विनोद हाच.

हे आरेवालो कोण?

समाजशास्त्रज्ञ, माजी राजनयिक, 2020पासून खासदार. जन्म 1958चा, उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथला. ग्वाटेमालाच्या अध्यक्षाचा जन्म तिथे कसा, याचं उत्तर देशाच्या इतिहासात आहे.

त्यांचे वडील हुआन होसे आरेवालो. 1944मध्ये हुकूमशहा होर्हे उबिको यांची राजवट लोकांनी उलथवली, आणि त्यानंतरच्या मोकळ्या निवडणुकीत हे शिक्षणाचे प्राध्यापक अध्यक्ष झाले. 1945 ते 1951. सामाजिक सुरक्षा, कामगार कायदा ही त्यांच्या काळातली कामं. त्यांच्यानंतर आलेल्या हाकोबो आर्बेन्स यांनी 1952मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला. पडीक ठेवलेल्या मोठ्या जमिनी घेऊन भूमिहीनांना देण्याचा. त्यात अमेरिकन केळी कंपनी युनायटेड फ्रूटच्या जमिनीही होत्या. 1954मध्ये सीआयएने घडवलेल्या उठावात आर्बेन्स गेले. आरेवालो कुटुंब परदेशात भटकत राहिलं, आणि त्या वनवासात बर्नार्दो जन्मले.

1954नंतर लष्कराचं राज्य, आणि 1960 ते 1996 यादवी युद्ध. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार 2 लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा गायब झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. म्हणून म्हाताऱ्या लोकांनी 'आरेवालोचा मुलगा' म्हणून मत दिलं. तरुणांना आजोबांच्या गोष्टींशी फार घेणं नव्हतं. त्यांनी त्यांना 'तिओ बेर्नी', म्हणजे बेर्नीकाका, असं नाव ठेवलं आणि मोबाइलवरून प्रचार केला.

सेमिया पक्ष कुठून आला?

2015च्या आंदोलनातून. त्या वर्षी एप्रिलमध्ये सीमाशुल्क खात्यातला 'ला लिनेआ' नावाचा घोटाळा उघड झाला. आयातदारांकडून लाच घेऊन जकात कमी लावायची, असं ते जाळं. ते खणून काढलं सरकारी वकील आणि 'सीसिग' यांनी मिळून. सीसिग म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 2007पासून काम करणारा, शिक्षा न होणाऱ्या गुन्हेगारीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय आयोग. शनिवारमागून शनिवार लोक राजधानीच्या मुख्य चौकात जमले. मेमध्ये उपाध्यक्षा रोक्साना बाल्देत्ती गेल्या, 2 सप्टेंबरला अध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांनी राजीनामा दिला आणि थेट तुरुंगात गेले. चार दिवसांनी निवडणूक होती.

ती जिंकली टीव्हीवरचे विनोदवीर जिमी मोरालेस यांनी, 'भ्रष्ट नाही, चोर नाही' असं म्हणत. सीसिगचा तपास स्वतःच्या घरापर्यंत आल्यावर त्यांनी तिचा करार वाढवायला नकार दिला आणि सप्टेंबर 2019मध्ये सीसिगने गाशा गुंडाळला. त्यानंतर ज्यांनी तपास केले त्यांच्यावरच खटले भरण्याचा काळ सुरू झाला. तपासी वकील, न्यायाधीश देशाबाहेर गेले. 'एल पेरिओदिको' या वृत्तपत्राचे संस्थापक होसे रुबेन सामोरा जुलै 2022मध्ये तुरुंगात गेले आणि मे 2023मध्ये ते वृत्तपत्रच बंद पडलं. राजकारणी, काही बडे उद्योगपती, न्यायाधीश, वकील यांच्या या साटंलोट्याला लोक 'भ्रष्टांचा करार' म्हणतात. तिथे हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे.

सांद्रा तोरेस यांना इतकी मतं पडतात, तरी त्या हरतात का?

माजी अध्यक्ष आल्वारो कोलोम यांच्या त्या पूर्वीच्या पत्नी. नवऱ्याच्या काळात, 2008 ते 2012, गरीब कुटुंबांना थेट पैसे देणाऱ्या योजनेचा चेहरा त्याच होत्या, त्यामुळे खेड्यांत त्यांचा पाया पक्का. अध्यक्षाच्या नातलगाला उभं राहता येत नाही म्हणून 2011मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला. न्यायालयाने तरीही परवानगी दिली नाही. पुढे 2015, 2019 आणि 2023, तिन्ही वेळा त्या दुसऱ्या फेरीत पोचल्या आणि तिन्ही वेळा हरल्या. पहिल्या फेरीत त्यांची मतं एकगठ्ठा असतात, दुसऱ्या फेरीत त्यांच्या विरोधातले सगळे एकत्र येतात. एवढंच गणित. राजधानीत तर त्यांना मत देणारा माणूस शोधावा लागतो.

दुसऱ्या फेरीचा निकाल?

20 ऑगस्टला आरेवालो यांना वैध मतांपैकी जवळपास 61 टक्के, तोरेस यांना 39. मतदान मात्र पहिल्या फेरीच्या सुमारे 60 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर घसरलं.

मतमोजणीत घोटाळा झाला होता का?

नाही. हे ठामपणे सांगता येतं ते मोजणीच्या पद्धतीमुळे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

निवडणूक घेतं सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरण. त्याचे पाच सदस्य संसद सहा वर्षांसाठी निवडते. पण मतदान केंद्रावरचं टेबल चालवतात स्वयंसेवक नागरिक. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार असे लाखाहून अधिक लोक आणि 24 हजारांवर टेबलं. सकाळी 7 ते संध्याकाळी 6 मतदान. बोटाला शाई आपल्यासारखीच. यंत्र नाही, कागद आणि पेटी.

सहा वाजता दार बंद झालं की तिथेच, त्याच टेबलावर मोजणी सुरू होते. एकेक मतपत्रिका उचलून सगळ्यांना दाखवायची, पक्षांचे प्रतिनिधी समोर बसलेले. मग आकडे एका तक्त्यात लिहायचे, सगळ्यांनी सह्या करायच्या, प्रतिनिधींना प्रती द्यायच्या. तो तक्ता स्कॅन होऊन राजधानीला जातो आणि त्याच रात्री लोकांना जालावर दिसतो. संगणकात दिसणारे आकडे कायदेशीर निकाल नव्हेत, प्राथमिक आहेत. खरा निकाल सह्या केलेल्या कागदाचा.

म्हणजे घोटाळा करायचा तर हजारो टेबलांवर, विरोधी पक्षांच्या सह्यांसकट करावा लागेल. पहिल्या फेरीत हरलेल्या पक्षांनी तक्रार केली, तेव्हा 1 जुलैला घटना न्यायालयाने निकाल जाहीर करणं थांबवून तक्ते पुन्हा तपासायला लावले. पक्षांनी आपापल्या प्रती आणल्या, ताडून पाहिल्या. निकाल जागचा हलला नाही. नंतर महिनोन् महिने 'संगणक प्रणालीत घोटाळा' अशी ओरड चालली, पण ज्या कागदावर आपल्याच माणसाची सही आहे त्याचं काय करायचं, हे ओरडणाऱ्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

मग अडचण कुठे आली?

सरकारी वकिलांच्या कार्यालयातून. तिथल्या तेव्हाच्या प्रमुख, महाभियोक्ता कोन्सुएलो पोर्रास. 2018मध्ये मोरालेस यांनी नेमलेल्या, 2022मध्ये अध्यक्ष आलेहांद्रो जामात्तेई यांनी दुसऱ्यांदा चार वर्षांसाठी नेमलेल्या. भ्रष्टाचाराचे तपास रोखल्याच्या आरोपावरून अमेरिकेने त्यांच्यावर प्रवेशबंदी घातलेली आहे. 2016च्या दुरुस्तीमुळे महाभियोक्त्याला गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय अध्यक्ष काढू शकत नाहीत. ही तरतूद प्रामाणिक वकिलांना संरक्षण म्हणून आणली होती.

12 जुलैला न्यायाधिकरण पहिल्या फेरीचा निकाल अधिकृत करत होतं. त्याच संध्याकाळी पोर्रास यांचे सहकारी राफाएल कुरुचिचे यांनी जाहीर केलं की न्यायाधीश फ्रेदी ओरेयाना यांनी सेमियाची मान्यता स्थगित केली आहे. कारण? पक्ष स्थापन करताना गोळा केलेल्या सह्यांपैकी काही खोट्या असल्याचा आरोप. निवडणूक जाहीर झाल्यापासून ती पार पडेपर्यंत पक्ष स्थगित करता येत नाही, असं निवडणूक कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. ओरेयाना यांनी संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा वापरला. दुसऱ्या दिवशी घटना न्यायालयाने तात्पुरता दिलासा दिला म्हणून दुसरी फेरी तरी झाली.

तीत तोरेस हरल्यावर या कार्यालयाचा जोर वाढला. सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी न्यायाधिकरणाच्या ताब्यातल्या मतपेट्या उघडल्या. महिनाअखेरीस पोलिसांसह येऊन मूळ तक्त्यांचे खोके उचलून नेले. न्यायाधिकरणाचे सदस्य खोक्यांना धरून झोंबताहेत, अशी दृश्यं देशाने थेट पाहिली. 30 नोव्हेंबरला संसदेने न्यायाधिकरणाच्या चार सदस्यांचं कायदेशीर संरक्षण काढून घेतलं. 8 डिसेंबरला वकिलांनी अख्खी निवडणूकच रद्द मानावी असं म्हटलं. न्यायाधिकरणाने उत्तर दिलं, निकाल बदलणार नाहीत.

हे थांबवलं कुणी?

बाहेरच्यांनी थोडं, आतल्यांनी जास्त. अमेरिकन राज्यांच्या संघटनेने ठराव केले. डिसेंबरमध्ये अमेरिकेने जवळपास 300 ग्वाटेमालींचे व्हिसा रद्द केले, त्यात शंभरावर खासदार. मायामीत खरेदीला जाणाऱ्या वर्गाला हे झोंबलं असणार. 14 डिसेंबरला घटना न्यायालयाने निवडून आलेल्यांना पदभार मिळालाच पाहिजे, असा आदेश दिला.

पण त्याच्या आधी 2 ऑक्टोबरला रस्ते अडले होते. अडवले तोतोनिकापानच्या '48 कान्तोनेस'ने. ही पक्ष नाही, संघटनाही नाही. पश्चिमेच्या डोंगरातल्या किचे माया गावांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची गावकी. दरवर्षी गाव सभेतून माणसं निवडतं, ती वर्षभर बिनपगारी काम करतात. पाण्याचे झरे, सामाईक जंगल, भांडणतंटे, सगळं त्यांच्याकडे. ज्याची पाळी आली त्याने आपला धंदा, शिवणकाम, शेत बाजूला ठेवून सेवा करायची. अधिकाराची खूण म्हणजे हातातली काठी. 2012मध्ये याच लोकांच्या रास्ता रोकोवर लष्कराने गोळीबार केला होता, माणसं मेली होती. म्हणजे रस्त्यावर बसण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

त्यांच्यामागोमाग सोलोलाची आदिवासी नगरपालिका, इशिल प्रदेशातले गावप्रमुख, शिंका संसद, मग राजधानीतले बाजारवाले, विद्यार्थी. एका टप्प्यावर देशभर शंभराहून जास्त ठिकाणी रस्ते बंद होते. आणि राजधानीत पोर्रास यांच्या कार्यालयासमोर त्यांनी मुक्काम ठोकला तो 106 दिवस. मागणी एकच, पोर्रास, कुरुचिचे आणि ओरेयाना यांचे राजीनामे. यातल्या अनेकांनी आरेवालो यांना मत दिलंही नसेल. ते वारंवार सांगत होते, आम्ही कुठल्या पक्षासाठी नाही, टाकलेल्या मतासाठी बसलोय. हे वाक्य राजधानीतल्या कुठल्या पंडिताला आधी सुचलं नव्हतं.

शपथविधीच्या दिवशी नेमकं काय झालं?

14 जानेवारी 2024. दुपारी व्हायचा शपथविधी मध्यरात्र उलटून गेल्यावर झाला.

आधी जुन्या संसदेने नव्या खासदारांची कागदपत्रं तपासण्यात तासन्‌तास घालवले. भांडण सेमियाच्या 23 खासदारांवरून. पक्ष स्थगित, म्हणून त्यांना अपक्ष धरायचं की पक्षाचे? अपक्ष खासदाराला संसदेचं कुठलंही पद मिळत नाही. हा नियम मुळात आयाराम-गयाराम रोखायला आणलेला. निवडून आल्यावर पक्ष बदलणं हा तिथला जुना रोग, त्यावर 2016मध्ये औषध काढलं की पक्ष सोडाल तर अपक्ष म्हणून कोपऱ्यात बसाल. महाराष्ट्राच्या वाचकाला या रोगाविषयी वेगळं सांगायला नको. पण इथे औषध अशा लोकांना पाजत होते ज्यांनी पक्ष सोडलाच नव्हता.

बाहेर लोक पोलिसांचे कडे ढकलत होते. स्पेनचे राजे आणि इतर पाहुणे ताटकळले. अखेर रात्री उशिरा सेमियाचेच सामुएल पेरेस संसदेचे अध्यक्ष निवडले गेले, आणि राष्ट्रीय नाट्यगृहात आरेवालो यांनी शपथ घेतली. त्या नाट्यगृहाला नोबेलविजेते लेखक मिगेल आंहेल आस्तुरियास यांचं नाव आहे. भारतात तेव्हा सोमवारचा दिवस चढला होता, मकर संक्रांत होती. आम्ही तिळगूळ वाटता वाटता मोबाइलवर शपथ पाहिली. शपथेनंतर पहाटे आरेवालो पोर्रास यांच्या कार्यालयासमोरच्या मुक्कामावर जाऊन आदिवासी पुढाऱ्यांना भेटले. पेरेस यांची निवड मात्र काही दिवसांतच घटना न्यायालयाने रद्द केली, त्याच अपक्षाच्या मुद्द्यावर.

अध्यक्ष झाल्यावर सगळं सुरळीत?

छे. संसदेत सेमियाच्या 160पैकी 23च जागा. जामात्तेई यांच्या बामोस पक्षाच्या 39, तोरेस यांच्या पक्षाच्या 28. पोर्रास पदावर राहिल्या. आणि एप्रिल 2025मध्ये अटक झाली ती लुइस पाचेको यांना, जे 2023मध्ये 48 कान्तोनेसचे अध्यक्ष होते आणि नंतर ऊर्जा खात्याचे उपमंत्री झाले होते. त्यांच्यासोबत त्याच वर्षीच्या मंडळातले एक्तोर चाक्लान. आरोप रास्ता रोकोबद्दलचे, त्यात दहशतवादाचाही.

परदेशातल्या ग्वाटेमालींना मत देता येतं का?

2019पासून, फक्त अमेरिकेत, आणि फक्त अध्यक्षपदासाठी. 2023साठी नाव नोंदवलेले सुमारे 90 हजार. अमेरिकेत राहणाऱ्या ग्वाटेमालींच्या तुलनेत हे काहीच नाही. ते घरी पाठवतात तो पैसा मात्र देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढा आहे.

सैनिकांना मत आहे का?

सेवेत असेपर्यंत नाही. घटनेतच बंदी आहे. इतिहास पाहता कारण विचारायची गरज नाही.

पुढची निवडणूक कधी?

2027मध्ये. आरेवालो यांची मुदत 14 जानेवारी 2028पर्यंत, आणि त्यांना पुन्हा उभं राहता येणार नाही.